पाच भोकांचे यंत्र

गेल्या रविवारी आमच्या मुलुंडच्या घरातला ओट्याखालचा दुसरा खण उघडेना. दोन बोटांची फट पडत होती आणि त्यापुढे आत काहीतरी आडवे येत होते. मुलाची फूटपट्टी आत घालून, ती गोष्ट चाचपडत बाजूला सारून खण एकदाचा उघडला, तेव्हा कळले की आंबा कापायच्या यंत्राची मूठ वर उभी राहिली होती. तिच्याखाली सफरचंदाचे एका दाबात आठ तुकडे करणारे चक्र होते, कोथिंबीर कापायची पाच पात्यांची कात्री होती, त्या कात्रीच्या पात्यांत अडकलेली कोथिंबीर काढण्यासाठी तिच्याबरोबर आलेला प्लास्टिकचा कंगवा होता, दोरी तुटलेला चॉपर होता, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या करणारी तारांची चौकट होती आणि अगदी तळाशी, हिरव्या रंगाचे, पाच भोकांचे भेंडी चिरायचे यंत्र होते. आंब्याचे यंत्र सोडले तर ही सगळी खरेदी माझी स्वतःची आहे आणि प्रत्येक वेळी माझे वय आणि शिक्षण दोन्ही पुरेसे होते, हे आधीच कबूल करून टाकते.

भेंडीच्या यंत्राची खरेदी मला तपशीलवार आठवते, कारण ती करताना मी जवळजवळ पाऊण तास उभी होते. दादरला एका सभागृहात सुट्टीच्या दिवसांत भरणाऱ्या गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात, लोणची-मसाल्यांचे गाळे संपतात तिथल्या कोपऱ्यावर एका तरुणाभोवती बायकांचे कोंडाळे जमले होते. त्याच्यासमोर परातीत भेंड्या रचलेल्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच जाडीच्या, एकाच लांबीच्या, सरळ आणि कोरड्या ठणठणीत होत्या. अशा भेंड्या निवडण्यासाठी त्याने सकाळी मंडईत किती वेळ घालवला असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. त्याने गर्दीकडे पाहून विचारले, "ताई, डब्यासाठी पाव किलो भेंडी चिरायला किती वेळ जातो?" कुणीतरी "पंधरा मिनिटं" म्हणाले आणि त्याने लगेच एक सुरी उचलून एकेक भेंडी पाटावर घेऊन, खाली मान घालून, कपाळाला आठ्या पाडून चिरायला सुरुवात केली. ती सुरी चिरत नव्हती, भेंडी चेपत होती. मग त्याने ती सुरी अशी बाजूला टाकली की जणू आपल्या सगळ्यांच्या घरची पीडा टळली, आणि हिरवे यंत्र हातात घेतले. वरच्या पाच भोकांत पाच भेंड्या उभ्या सोडायच्या आणि बाजूची खटकी दाबत राहायची. प्रत्येक दाबासरशी खाली पाच चकत्या. खटक, खटक, खटक. पंधरा सेकंदांत परातीच्या एका कडेला ढीग झाला. किंमत साडेतीनशे, प्रदर्शनापुरती दोनशे, आणि पहिल्या दहा गिऱ्हाइकांना वर एक पीलर फुकट. मी सातवी किंवा आठवी असेन.

सोमवारी पहाटे साडेपाचला घरच्या भेंड्या परातीत आल्या. त्या काही सरळ नव्हत्या. दोन जाड होत्या त्या भोकात शिरेनात, चार बारीक होत्या त्या भोकात लटपटून तिरक्या झाल्या आणि त्यांच्या चकत्या एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारख्या पडल्या. आकड्यासारख्या वाकलेल्या भेंड्यांचे तर दोन तुकडे करूनच आत घालाव्या लागल्या आणि ते तुकडे अर्थातच सुरीने करावे लागले. भेंडीचा चिकट द्रव पाण्याने सुटतो, म्हणून आपण भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करूनच चिरतो. पण यंत्राच्या आतल्या पात्यावर तो साठत गेला आणि पाव किलो संपेपर्यंत खटकी परत वर येईनाशी झाली. यंत्र नळाखाली धरले तर पाण्याने ती बुळबुळ आणखी वाढली. हे सगळे मी सहन केले असते, परंतु एक गोष्ट मात्र कुठल्याही यंत्राला जमण्यासारखी नाही. भेंडी चिरताना आपली नजर प्रत्येक भेंडीच्या आत जात असते, अळी दिसली की ती भेंडी बाजूला टाकली जाते आणि हे इतके सवयीचे असते की आपण ते काम करतो आहोत हेही लक्षात येत नाही. पाच भोकांतून एकदम खाली पडणाऱ्या चकत्यांत अळी कुठल्या भेंडीची, कितवा तुकडा, हे शोधायला मी तो सगळा ढीग ताटात पसरून बसले आणि माझी सहा अठ्ठावन्नची लोकल गेली.

सासूबाई शेजारीच चहा घेत होत्या. त्यांनी काही न बोलता पाच भेंड्या पाटावर शेजारी शेजारी मांडल्या, देठे एका ओळीत आणली आणि सुरी एकदाच खाली आणली. पाच चकत्या पडल्या.

या वस्तूंच्या जाहिराती पाहताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ज्या प्रयोगाने आपण भुलतो, तो प्रयोग हीच विकायची खरी वस्तू असते आणि आपण घरी नेतो ते फक्त तिचे वेष्टन. ही विद्या आजची नाही. अमेरिकेत सॅम्युएल पोपील या गृहस्थांनी १९५० च्या दशकात 'चॉप-ओ-मॅटिक' आणि पुढे १९६३ च्या सुमारास 'व्हेज-ओ-मॅटिक' ही भाजी कापायची उपकरणे बाजारात आणली. त्यांचा मुलगा रॉन पोपील शिकागोच्या रस्त्यावरच्या बाजारात आणि मोठ्या दुकानांच्या कोपऱ्यात उभा राहून, दिवसभर भाज्या कापत आणि बोलत, तोंडाने आणि हाताने एकाच वेळी विक्री करायला शिकला होता. अडचण एवढीच होती की यंत्र इतके भराभर कापत असे की विक्रेत्याला रोज डोईजड होईल एवढी भाजी बरोबर न्यावी लागे. त्यावर उपाय म्हणून प्रयोगाचे चित्रीकरण करण्यात आले, आणि एकदा चित्रीकरण झाल्यावर तेच दूरचित्रवाणीवर जाहिरात म्हणून दाखवणे हे पुढचे छोटे पाऊल होते. "पण थांबा, अजून बरेच काही आहे," हे त्या जाहिरातींचे पालुपद. १९९० नंतर आपल्याकडे वाहिन्या वाढल्या आणि रात्री उशिरा, दुपारच्या झोपेच्या वेळी, हिंदीत ओठ न जुळणारे भाषांतर केलेल्या अशाच जाहिराती मुंबईच्या घराघरांत सुरू झाल्या, तेव्हा आम्ही त्या करमणूक म्हणून बघत असू. त्यांतल्या 'आधीच्या' बाईचा कांदा हातातून निसटून जमिनीवर जाई, टोमॅटो भिंतीवर उडे, आणि हा दुःखाचा भाग बहुधा मुद्दाम रंग काढून करडा दाखवलेला असे. यंत्र हातात आले की रंग परत. एवढी धांदरट बाई मी आजवर कुठल्याही स्वयंपाकघरात पाहिलेली नाही, तरी तिची दया येऊन माणसे फोन फिरवत होती.

इथे मला आमच्या लोकलच्या डब्यातल्या विक्रेत्या बायकांची बाजू घ्यावीशी वाटते. ठाण्याला चढून घाटकोपरला उतरणारी एक बाई कित्येक वर्षे सोलाणी विकते. तिचा प्रयोग चालत्या गाडीत, धक्के खात, एका हाताने वरचा दांडा धरून होतो. पिशवीतून निघेल तो बटाटा, मग तो डोळ्यांचा असो की वाकडा, ती सोलून दाखवते. बटाट्याचे साल काढणे हे काम सुरीने केले तर खरोखरच गर जास्त जातो, आणि सोलाण्याचे हलते पाते बटाट्याच्या उंचसखलपणाबरोबर स्वतः वळते, म्हणून ते काम ते सुरीपेक्षा चांगले करते. वाय आकाराचे, हलत्या पात्याचे जे सोलाणे जगभर ओळखले जाते, ते आल्फ्रेड नेवेचेर्झाल यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९४७ साली आणले आणि पुढे २००४ साली त्या देशाने त्याचे चित्र टपाल तिकिटावर छापले, हे कळले तेव्हा मला त्या बाईचा अभिमानच वाटला. न्यूयॉर्कमध्ये जो एड्स नावाचे मूळचे इंग्लंडचे गृहस्थ उंची सूट घालून, फुटपाथवर छोट्या बैठकीवर बसून, गाजरे सोलत स्वित्झर्लंडची सोलाणी पाच डॉलरला एक अशी विकत असत. २००९ साली ते वारले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिले. आमच्या बाईकडे सूट नाही, पण तिची वस्तू घरी नेल्यावरही तेच करते जे तिने गाडीत केले होते. प्रदर्शनात फुकट मिळालेला तो पीलर आठवड्यात मुठीपासून सुटला, हे जाता जाता सांगते.

प्रदर्शनातल्या त्या तरुणाने बाजूला टाकलेली सुरी मात्र माझ्या डोक्यातून गेली नाही. नंतर मी मुद्दाम अशा जाहिराती शोधून पाहिल्या आणि प्रत्येकीत ती सुरी मला भेटली. ती नेहमी बोथट असते. टोमॅटोची साल गुळगुळीत आणि ताणलेली असते. बोथट पाते तिच्यावर दाबले की आधी टोमॅटो चेपतो आणि मग साल फाटते, तर धारदार पात्याला दाबावे लागत नाही, नुसते ओढले की ते साल पार करून जाते. म्हणजे जाहिरातीत जी अडचण दाखवतात ती टोमॅटोची नसून धारेची असते, आणि धार लावून घेण्याचा उपाय वीस-तीस रुपयांत होत असल्यामुळे तो कुणी जाहिरातीत सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकाशी पूर्वी दर पंधरवड्याला धारवाला येत असे. सायकल घोडीवर उभी करून, पायडल मारत, पुढे बसवलेली सहाण फिरवत तो सुऱ्या, कात्र्या आणि विळ्या लावून देई, ठिणग्या बघायला आम्ही मुले भोवती उभी राहत असू, आणि त्या दिवशीचा कांदा आईच्या हाताखाली असा पडत जाई की डोळ्यांतून पाणीसुद्धा कमी येई. यात अंधश्रद्धा काही नाही: कांद्याच्या पेशी जितक्या चेपल्या आणि फुटल्या जातील तितका तो झोंबणारा वायू जास्त सुटतो आणि धारदार पात्याने त्या कमी चेपल्या जातात. आता तो दोन-तीन महिन्यांतून एखाद्या वेळी येतो आणि तो येतो तेव्हा मी कचेरीत असते. त्याच्या फेऱ्या कमी होत गेल्या त्याच वर्षांत आमचा दुसरा खण भरत गेला, याचा संबंध मी लावते. तो सर्वांनाच पटेल असे नाही.

धारेच्याच भीतीवर उभी राहिलेली सर्वांत गाजलेली जाहिरात १९७८ सालची आहे. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या फ्रीमाँट गावी बनणाऱ्या दातेरी सुऱ्यांना अमेरिकेतल्याच दोन जाहिरातदारांनी 'गिन्सू' असे जपानी वाटणारे नाव दिले आणि जाहिरातीच्या सुरुवातीलाच एक माणूस हाताच्या फटक्याने लाकडाची फळी फोडताना दाखवला. नंतर तोच हात टोमॅटोवर आपटला की टोमॅटोचा लगदा. मग सुरीने पत्र्याचा डबा कापायचा आणि लगेच त्याच सुरीने टोमॅटोची पातळ चकती काढायची. दातेरी पात्यात दाताची टोके आधी टेकतात आणि सगळा दाब तेवढ्यावर येतो, शिवाय दातांमधल्या खाचांची धार पाटावर घासली जात नाही, म्हणून अशी सुरी बरेच दिवस चालते हे खरे आहे. परंतु घरात पत्र्याचे डबे सुरीने कापायची वेळ कुणावर येते? आणि ती बोथट झाली की धारवाल्याच्या साध्या चाकावर तिचे दात नीट लागत नाहीत. 'जपानी' म्हटले की धार आणि 'जर्मन' म्हटले की पोलाद, ही युक्ती आपल्याकडेही उत्तम चालते. लोहार चाळीत एका दुकानात मी एका खोक्यावर जर्मन तंत्र, जपानी पाते आणि भारतीय महिलांसाठी खास, अशा तिन्ही गोष्टी एकत्र छापलेल्या वाचल्या होत्या. खोक्यात लिंबू कापायची चिमटी होती.

या सगळ्यांत केळ्याच्या चकत्या करायच्या साच्याचा मान वेगळा आहे. 'हट्झलर ५७१' हा पिवळ्या प्लास्टिकचा, केळ्याच्याच आकाराचा वाकलेला, शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांचा साचा संकेतस्थळावर विकायला आल्यावर त्याच्याखाली हजारो लोकांनी गंभीर चेहऱ्याने थट्टेचे अभिप्राय लिहिले. त्यांतल्या एकाची तक्रार अशी होती की त्याच्याकडचे केळे नेमके उलट्या बाजूला वाकलेले आहे. मी हे वाचून मनसोक्त हसले, आणि मग मला वाटले की यातला सगळ्यात मोठा विनोद आपल्याकडच्या माणसालाच कळेल. तो साचा एका विशिष्ट मापाच्या केळ्यासाठी आहे. त्यात वसईकडचे बोटभर वेलची केळे ठेवले तर ते तीन पट्ट्यांच्या मधे हरवून जाईल आणि राजेळी ठेवले तर दोन्हीकडून बाहेर लोंबेल. आमच्याकडे शिकरण करताना आई केळे डाव्या हातात धरून, सुरी उजव्या हाताच्या अंगठ्याकडे ओढत, चकत्या थेट दुधात पाडत असे. पाट नाही, ताट नाही, धुवायला फक्त सुरी. आणि सुरी नसली तर चमच्याची कडही चालत असे, कारण केळे ही मुळात कापायला विरोध न करणारी वस्तू आहे.

आंब्याच्या यंत्राची गोष्ट थोडी नाजूक आहे, कारण ते माझ्या नणंदेने न्यूजर्सीहून प्रेमाने आणले होते. मधे कोयीच्या आकाराचे लांबट भोक, त्याच्या कडेला पाते आणि दोन बाजूंना मुठी. आंबा उभा धरायचा, यंत्र वरून दाबायचे, दोन फाका दोन बाजूंना आणि कोय मधे. तिकडे मिळणाऱ्या मोठ्या आंब्यांना ते बसत असेल. मे महिन्यात देवगडच्या पेटीतला हापूस आम्ही समारंभपूर्वक त्याखाली उभा केला, भाऊजींनी दोन्ही मुठी दाबल्या आणि पाते सरळ कोयीवर जाऊन बसले, कारण कोय आत कुठल्या कोनात आहे ते आंब्याच्या गालांवरून ओळखावे लागते आणि भाऊजींनी ते ओळखले नव्हते. पिकलेला हापूस पातळ सालीचा. तो मुठींच्या दाबाखाली बाजूने फुटला आणि रस भाऊजींच्या कोपरापर्यंत गेला. दुसरा आंबा बरोबर बसला, परंतु भोक कोयीपेक्षा मोठे असल्यामुळे कोयीभोवती एवढा गर राहिला की दोन्ही मुलांनी फाकांकडे न बघता कोयीवरून भांडण सुरू केले. यंत्राला कोय ही टाकून द्यायची गोष्ट वाटत होती. आमच्या घरात तिच्यासाठी पाळ्या लागतात.

हे वाचून कुणाचा असा समज व्हायला नको की एकाच कामाचे हत्यार म्हणजे खूळच. तसे म्हणायला गेले तर आपल्या जुन्या स्वयंपाकघरात एकाच कामाची हत्यारे कितीतरी होती. करंजीची कड कापायला कातण होते, खोबरे खवायला खवणी होती, आणि कोकणात तर खवणी आदोळीच्याच, म्हणजे विळीच्याच, टोकाला बसवून दोन कामे एका हत्यारात आणली होती. अंड्याच्या तारांच्या चौकटीबद्दलही माझी तक्रार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत विली आबेल यांनी ती केली, आणि पिवळा बलक रुंद पात्याला चिकटून फुटतो तसा बारीक तारेला चिकटत नाही, एवढे साधे कारण तिच्यामागे आहे. मुख्य म्हणजे अडकित्ता. माझे आजोबा श्रीवर्धनचे. तिथली रोठा सुपारी वाळली की दगडासारखी होते, आकाराने गोल असते, सुरीखाली धरायला गेले तर निसटून कोपऱ्यात जाते आणि सुरी बोटावर येते. अडकित्त्याची खीळ एका टोकाला, सुपारी खिळीला लागून आणि हात दुसऱ्या टोकाला, ही शाळेत शिकवतात ती दुसऱ्या प्रकारची तरफ. सुपारी खिळीपासून दोन सेंटिमीटरवर आणि मूठ बारा सेंटिमीटरवर असली तर हाताचा जोर सहापट होऊन सुपारीवर पडतो. आजोबा झोपाळ्यावर बसून, पाय न थांबवता, सुपारीचे इतके पातळ काप काढत की ते पानावर वाळक्या पाकळीसारखे पडत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मोराचे, घोड्याचे, माणसांच्या आकृतींचे अडकित्ते मांडून ठेवलेले आहेत. लोकांनी त्या हत्यारावर नक्षी केली, ते लग्नात दिले, कारण सुपारीने त्याची गरज आधी सिद्ध केलेली होती. भेंडीने कधी असे काही मागितले होते, असे मला वाटत नाही.

या वस्तूंचा हिशेब करताना आपण कापण्याचा वेळ मोजतो आणि धुण्याचा वेळ मोजत नाही, कारण तो पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यावर जातो. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी दोरीच्या चॉपरबद्दल पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता. "वहिनी, हे मी घासणार नाही. ह्याचं पातं दिसत नाही आणि बोट पहिलं जातं." त्यांनी अंगठ्याच्या पेरावरचा काप दाखवला. त्या दिवसापासून चॉपर मी धुवायला लागले आणि आणखी आठवडाभराने मी कांदा पुन्हा सुरीने चिरायला लागले.

तर रविवारी खण रिकामा करून सगळे सामान एका पिशवीत भरले आणि खाली भंगारवाल्याला हाक मारली. त्याने पिशवी पायरीवर उलटी केली, एकेक वस्तू हातात घेऊन फिरवून पाहिली आणि मान हलवली. "ताई, हा मिक्स माल आहे. प्लास्टिक वेगळं, पातं वेगळं काढून दिलंत तर वजन होईल. असं कोण घेत नाही." मी त्याला बसून काढायला सांगितले. पिशवीत चुकून आजोबांचा अडकित्ताही खाली आला होता, तो त्याने लगेच ओळखला, तळहातावर तोलला आणि म्हणाला, "हे पितळ द्या, याचा चांगला भाव देतो." मी अडकित्ता त्याच्या हातातून घेतला. त्याने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून आंब्याच्या यंत्राचे पाते सोडवले, सफरचंदाचे चक्र मोडले, कात्रीची पाचही पाती सुटी केली आणि सगळ्याचे मिळून अठरा रुपये दिले. भेंडीच्या यंत्राच्या आत त्याचा स्क्रूड्रायव्हर पोचेना. दोन-तीन वेळा खटकी दाबून पाहून त्याने ते परत माझ्या हातात दिले.